अप्पांचा आवाज

हैदराबादच्या विमानतळावर मी काचेच्या दारातून आत गेले आणि अप्पांनी बाहेरून आरोळी ठोकली, "गौरेऽऽ, पासपोट पिशवीत ठिवू नको! पोटाशी धर!" दारावरचा जवान दचकला. रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. आई त्यांची बाही ओढत होती. काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही, पण "हा काय बाजार हाय का," असंच म्हणत असणार. मला हसूही आलं आणि रडूही. पहाटे आम्ही तिघं आमच्या रेणापुरातून जीपनं निघालो होतो. उदगीरला इडली खाताना आई एवढंच म्हणाली होती, "तिकडं थंडीत डोकं उघडं ठिवू नको."

अप्पा लातूरच्या आडत बाजारात सौदा पुकारायचे. तुरीच्या, सोयाबीनच्या राशीपाशी उभं राहायचं, खरेदीदारांचा घोळका भोवती घ्यायचा आणि भाव चढवत न्यायचा. आडत्यांची भांडणं, हमालांचा गलका, ट्रकांचे भोंगे या सगळ्यांवरून त्यांचा आवाज जायचा. घरीही त्यांना हळू बोलणं जमत नसे. गल्लीच्या तोंडाशी आले की तिथूनच आईला हाक यायची, "अगं ए, पानी ठिव!" आणि शेजारचे सलीमचाचा आपल्या ओट्यावरून म्हणायचे, "भाभी, रेडिओ आ गया."

मी गेले लीड्सला, एका प्रयोगशाळेत. कर्करोगाच्या गाठी वाढवणारं एक एन्झाइम होतं. त्याच्या अंगावर एक बारीक खोबण असते. त्या खोबणीत घट्ट बसून राहील आणि त्याचं काम बंद पाडील असा रेणू आम्ही शोधत होतो. दिवसभर पडद्यावर ती खोबण फिरवून बघायची, रेणूचा एखादा हात लांबवायचा, एखादा छाटायचा, मग नळीत घालून बघायचं, किती घट्ट धरतो. रविवारी फोनवर मी हे अप्पांना समजावून सांगितलं. ते खो खो हसले. "म्हंजे रेनापूरची पोरगी रेनू हुडकायली! त्याच्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस गं?"

तिसऱ्या हिवाळ्यात फोनवर त्यांचा आवाज घोगरा यायला लागला. बाजारात ओरडून बसला असेल, असं सगळेच म्हणाले. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. मग गिळताना दुखायला लागलं, तेव्हा आई त्यांना नांदेडला घेऊन गेली. स्वरयंत्रातच गाठ निघाली. बरीच पसरलेली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला भोक पडेल, श्वास तिथूनच घ्यायचा. बोलणं गेलं.

मी आले तेव्हा अप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूती, शर्ट कडक इस्त्रीचा. मला बघून घोगऱ्या आवाजात पहिलंच विचारलं, "तुझं औषध कुठवर आलं?"

"अप्पा, ते अजून नळीतच आहे. उंदरालासुद्धा दिलेलं नाही."

"म्हंजे उंदराच्या आदी माझा नंबर लागला." ते हसले. मला हसता आलं नाही. ज्या रोगावर मी काम करत होते तोच रोग माझ्या शेजारी बाकावर बसला होता आणि माझे हात रिकामे होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "खरं सांग. न्हाई कापलं तर?"

मी खरं सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाजासगट जातो मग. सौदा पुकारनारा मानूस मुका हून काय करंल?"

आई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. डब्याचं झाकण लावता लावता ती म्हणाली, "मला मुकं मानूस चालंल. पर मानूस पायजे."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, आणि सहीसाठी पेन मागितला.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी तिला सारख्या हाका मारल्या. "अगं ए." ती खाटेपाशी यायची, "काय?" "काय न्हाई." ती खिडकीपाशी जाऊन उभी राहायची, की पुन्हा "अगं ए." शेवटी तीच खाटेवर बसली आणि म्हणाली, "मारा किती मारायच्या ते." न्यायला माणूस आला तेव्हा लिंगाचा दोरा गळ्यातून काढून तिनं त्यांच्या दंडाला बांधला.

मी परत लीड्सला गेले. घशाशी धरायचं एक यंत्र मिळालं होतं, त्यातून शब्द निघत, पण आई म्हणाली, डबड्यात मुंगळा कोंडल्यासारखं वाटतं. अप्पांनी ते फडताळात टाकलं. मोबाइलवर टाइप करायचे ते 'ठीक' आणि 'जेवलो' एवढंच. मग आईच त्यांची जीभ झाली. "ते म्हनायलेत, पाऊस बरा झाला." "ते म्हनायलेत, तुझी तब्येत उतरली." एकदा म्हणाली, "ते म्हनायलेत, आता लग्नाचं बघ," तर मागून टाळ्यांचा कडकडाट. अप्पा रागानं टाळ्या वाजवत होते, आपण असलं काही म्हटलंच नाही म्हणून. आई म्हणाली, "मनात तर हाय की तुमच्या!" आम्ही तिघंही त्या दिवशी खूप हसलो. अप्पांच्या हसण्याचा नुसता वारा ऐकू यायचा, गळ्याच्या भोकातून.

घरात बाकीही बरंच बदललं होतं, ते मला उशिरा कळलं. नाकातून श्वास नाही म्हणून त्यांना फोडणीचा वास येईना. गळ्यावर पांढरं फडकं बांधून बाजारात जाऊन आले, तर जुनी माणसं त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागली, जणू ते बहिरेच झाले. परत गेले नाहीत. आई हे सगळं सांगायची आणि शेवटी म्हणायची, "पर हायेत गं. समोर बसलेत. बस."

ती गेली एका सकाळी, भाकरी थापताना. अप्पा परसात होते. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला, पण वास त्यांना आला नाही. आत आले तर ती चुलीपाशी आडवी. त्यांनी तोंड उघडलं असणार, आवाज निघाला नसणार. मग परात घेऊन दारात गेले आणि ती दगडावर आपटत राहिले. गल्लीला वाटलं, कुणी कुत्री हाकलतंय. सलीमचाचांनी ओट्यावरून बघितलं आणि धावत आले.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, कुणी लगेच आलं असतं तरी फरक पडला नसता. मी ते अप्पांना पुन्हा पुन्हा सांगितलं. ते मान हलवत. पटलं असं काही दिसलं नाही.

मी लीड्सचं काम सोडलं. खोबण आणि रेणू दुसऱ्या कुणीतरी पुढे नेले, आणि ते पुढे जावेत असं मला मनापासून वाटतं. मी आता नांदेडला एका संशोधनात आहे. आम्ही असंच ऑपरेशन झालेल्या माणसांना भेटतो आणि त्यांचं म्हणणं ऐकतो: आधी काय वाटलं होतं, नंतर काय झालं, पुन्हा निवडायचं असतं तर काय निवडलं असतं. अर्धापूरच्या केळीच्या मळ्यातली एक बाई घशाशी यंत्र धरून म्हणाली, "वाचले, पर कुनी विचारलंच न्हवतं मला." कुणी "देवच भेटला" म्हणतं. कुणी नुसतं फडकं नीट करतं आणि खिडकीबाहेर बघत राहतं.

अप्पांना मी ते कधी विचारलं नव्हतं. मागच्या संक्रांतीला आम्ही दोघं जेवत होतो, तेव्हा विचारलं. "अप्पा, आज परत ठरवायचं असतं, तर कापू दिलं असतं?"

त्यांनी घास ताटात ठेवला. चुलीच्या बाजूला बघितलं. मग माझ्याकडे बघून सावकाश मान हलवली. नाही. ओठ हलले ते मला नीट वाचता आले: तिला हाक मारायची व्हती.

परक्या माणसांकडून असं उत्तर आलं की मी मान डोलावते, थोडं थांबते, पुढचं विचारते.  इथं मी रडायला लागले, तशी त्यांनी माझ्या ताटात तिळाची पोळी वाढली आणि बोटानं खूण केली, जेव.

तुम्ही, लीड्सचे माझे सोबती, जे तिकडेच राहिलात, ते मला विचारता, घरी परत गेल्यावर कसं वाटतं. खरं सांगायचं तर जे घर सोडून मी निघाले होते तिथं मी पोचलेच नाही. तिथं आता कुठली बस जात नाही. रेणापुरात दार आहे, चूल आहे, आईची लुगडी अजून दांडीवर आहेत. शनिवारी नांदेडहून निघते, अहमदपूरला गाडी बदलते, दुपारी गल्लीत शिरते. गल्ली शांत असते. अप्पा ओट्यावर बसलेले असतात. मला बघून उठत नाहीत, हात करत नाहीत. फक्त थोडे बाजूला सरकतात. त्या सरकण्यानं ओट्यावर जेवढी जागा होते, तेवढीला मी सध्या घर म्हणते.