समजा, चेन पडली

जोडसुट्टीत मुलाची गिअरची सायकल घेऊन निघालो, तो हेल्मेट उलटं घालूनच. सर्वण गावाला सायकलवरून न उतरता जाऊन येतो, अशी बढाई घरात मारली होती. आदल्या दिवशी हवा भरताना सायकलवाल्यालाही तेच ऐकवलं होतं. आणि उतरलो तो नेमका त्याच्याच दुकानासमोरच्या चढावावर, धापा टाकत.

हा माणूस हसत नाही. बोलणं 'समजा'ने सुरू करतो. हात ग्रीसने कायम काळे, म्हणून गिऱ्हाइकाने हात मिळवायला पुढे केला की मनगट धरतो.

त्याने मला न्याहाळलं. "समजा, तुमची चेन पडली."

"पडली नाय रे."

"समजा हो!" म्हणत त्याने चक्क माझा हात हातात घेऊन करकचून दाबला. पुसायला फडकं मागितलं, तर ते न देताच म्हणाला, "ऱ्हांव दी." ही थट्टा होती की माया, मला अजून कळलेलं नाही.

घरी हिने विचारलं, "एवढा उशीर?"

काळा हात दिसला आणि तोंडातून आपसूक निघालं, "चेन पडली होती. बसवली."

हिने माझा हात उलटा करून उजेडात धरला. "बसवलीत तुम्ही, मग मागे ही चार बोटं उमटलीत ती कुणाची?"