तांब्यावरची चिमणी

पाहुण्यांना पाणी द्यायला आज जुना तांब्या काढला आणि त्याच्यावरची चिमणी अंगठ्याला लागली.

बेलापूरला वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. शाळा सुटल्यावर आहेराच्या भांड्यांवर मशीननं नावं घालायचं काम माझं. एकदा नावाखाली मी चिमणी कोरली. गिऱ्हाईक तांब्या घेऊन परत आलं.

"आमी नाव घालाया सांगितलं हुतं, चिमनी न्हाई."

वडिलांनी त्याला दुसरा तांब्या दिला. तो गेल्यावर परत आलेला तांब्या उजेडात धरून फिरवून पाहिला. मी मान खाली घालून उभी.

"चोच लई मोठी झाली," म्हणाले आणि जुनी झाकणं माझ्यापुढं सरकवली. "आधी ह्याच्यावर काढून बघत जा."

तेव्हा वाटलं, बोलणी टळली. आता मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पक्षी काढला की चोच अजून दोनदा तपासते.