पट्ट्यात बोलायचं नाय

आमच्या कॉलनीतल्या सिस्टरनी उभ्या आयुष्यात एकही इंग्रजी चित्रपट शेवटपर्यंत पाहिला नव्हता, आणि ऑस्कर कोणाला मिळणार हे त्या बरोबर सांगायच्या. मी सगळे पाहायचो. नामांकनं जाहीर झाली की दोन महिने मला दुसरं काही सुचत नसे. मिळेल तिथून एकेक चित्रपट मिळवायचा, परदेशी समीक्षकांचे लेख वाचायचे, टिपणं काढायची. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यातली वीस वर्षं शहरात चित्रपट मंडळ चालवलं, आणि तरी हरायचो मीच. हे लिहिताना आजही माझा जळफळाट होतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोललो तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन आमच्या समोरच्या घरात राहायला आल्या. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ते नाव कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. लहानथोर सगळ्यांच्या त्या सिस्टरच. माहेर लासूर स्टेशनचं. वडील तिथल्या आडतीवर पोती उचलायचे, आणि त्यांच्या वस्तीतून नर्सिंगला गेलेली ही पहिली मुलगी. बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली त्यांचा स्वतःचा टोपी घातलेला, पदवीच्या दिवशीचा छोटा फोटो. दर रविवारी सकाळी त्या काट्याचं मशीन पिशवीत घालून निघायच्या आणि कॉलनीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं बीपी मोजायच्या. चहा मात्र कोणाकडेच घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "घरोघर चहा पीत बसले तर तुम्हालाच माझं बीपी मोजावं लागंल."

त्यांचा एक नियम होता. दंडाला पट्टा बांधला की बोलायचं नाही. कोपऱ्यावरच्या बंगल्यात एक निवृत्त फौजदार राहतात, ज्यांच्यापुढे अजून दूधवाला चळाचळा कापतो. त्यांनी एकदा हवा भरताना काही सांगायला तोंड उघडलं. सिस्टर मशीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "पट्ट्यात बोलायचं नाय." फौजदार तोंड मिटून बसले. या नियमातून सबंध कॉलनीत एकट्या मला सूट होती, तीही वर्षातले दोन महिने. जानेवारी संपत आला की त्या माझ्या दंडाला पट्टा बांधायच्या आणि स्वतःहून विचारायच्या, "मग सर, काय बघितलं ह्या आठवड्यात?" मी बोलत राहायचो. त्या हवा सोडायच्या, पुन्हा भरायच्या, "आता दुसरा हात द्या" म्हणायच्या. शेवटी काही तरी वहीत लिहायच्या. माझ्या बोलण्यात गोडी वाटते म्हणून ही सूट आहे, असा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला होता.

आमच्या मंडळात दरवर्षी अंदाजांची स्पर्धा असते. सोहळा तिकडे रविवारी संध्याकाळी होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट. त्यामुळे रविवारी दुपारपर्यंत प्रत्येकानं चिठ्ठी लिहायची, चित्रपट, दिग्दर्शक, नट आणि नटी एवढे चार अंदाज, आणि ती बिस्किटांच्या डब्यात टाकायची. सोमवारी दहा वाजता माझ्या घरी डबा उघडायचा, गुलमंडीवरून आणलेली इमरती खायची आणि जिंकणाऱ्याला हिमरूची शाल द्यायची. शाल मी स्वतः निवडत असे. खरं सांगायचं तर रंग मी मला शोभेल असाच घ्यायचो. सिस्टर आल्यानंतरच्या पहिल्या वर्षीची मोरपंखी होती. आरशासमोर खांद्यावर टाकून बघितलीही होती.

त्या वर्षी सिस्टर बीपी मोजत असताना दोघेजण चिठ्ठ्या लिहायला आले. शिष्टाचार म्हणून मी म्हटलं, "तुम्हीही टाका की एक, गंमत म्हणून." त्या म्हणाल्या, "मला कुठं काय कळतं? तुम्ही नावं वाचा." मी एकेक नाव मतासकट वाचलं. पट्टा दंडाला होताच. सोमवारी डबा उघडला तर सिस्टरचे चारही अंदाज बरोबर आणि माझा एक. मोरपंखी शाल मी माझ्या हातानं त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात जोरात वाजवत होतो तो मीच, आणि पुढल्या रविवारपर्यंत मला धड जेवण गेलं नाही.

नशिबाचा भाग म्हणून एक वर्ष सोडून देता येतं. दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी तीन. आता मात्र मी मागावर राहिलो. इंटरनेटवर बघत असतील म्हणावं, तर त्यांच्याकडे बटणांचा फोन. मग त्यांना मंडळाच्या खेळाला बोलावलं, म्हणजे सर्वांसमक्ष समजेल यांना चित्रपटातलं काय कळतं ते. दिवे मालवले आणि दहाव्या मिनिटाला सिस्टरची मान कलंडली. संपल्यावर जाग्या झाल्या आणि जराही न ओशाळता म्हणाल्या, "अंधार आन् मऊ खुर्ची म्हटल्यावर लई झोप येती. पस्तीस वर्षं नाइट ड्युटी केली, तव्हा झोपता नाय आलं. ती समदी उरलीय." मग वाटेत मला विचारलं, "तुम्हाला कसा वाटला सर?" मी म्हटलं, "ठीक. गाजावाजा फार आहे." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या चित्रपटाला पुढे ऑस्करच्या दोन बाहुल्या मिळाल्या.

चौथ्या वर्षी मी बैठकीत ठराव आणला की शालीऐवजी सिनेमावरचं एखादं चांगलं इंग्रजी पुस्तक द्यावं. म्हटलं, पुस्तक यांना काय कामाचं. ते पुस्तकही त्यांनी जिंकलं आणि रविवारी माझ्यापुढे ठेवलं. "तुम्ही वाचा आन् मला सांगा," म्हणाल्या. मी पारखून घेतलेलं पुस्तक मलाच बक्षीस म्हणून घ्यावं लागलं. पाचव्या वर्षी मी मुकाट्यानं शालीवर परतलो.

शालींचं त्या काय करतात हाही माझ्या डोक्याला ताप होता. एक टीव्हीवर पांघरलेली होती, एक शिलाई मशीनवर. मोरपंखी दिसेना म्हणून शेवटी विचारलंच. "ती लासूरला वडलांना दिली. थंडीचं पारावर बसत्यात ती पांघरून. कुणी विचारलं की सांगतात, लेकीला अमेरिकेचं बक्षीस मिळालं." माझ्यासाठी घेतलेली शाल लासूरच्या पारावर! मला राग आला. मग राग आल्याची लाज वाटली. दोन्ही एकदमच घेऊन मी घरी आलो.

सात वर्षांत सिस्टर एकदाच हरल्या. त्या वर्षीच्या नामांकनांत एक युरोपातला चित्रपट होता. डोंगरातल्या गावात हातानं कागद बनवणारा एक म्हातारा, त्याचा कागद कोणी घेत नाही, म्हणून तो स्वतःच त्यावर अनोळखी माणसांना पत्रं लिहायला लागतो. माझ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मी एक पटकथा लिहिली होती. खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे, तिथला एक म्हातारा कागद करणारा, आणि त्याची पत्रं. मुंबईत तिघांना पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. तिची हस्तलिखित प्रत माझ्या कपाटात तळाशी आहे. यात कोणी चोरी केलेली नव्हती, तेवढं मला कळतं. कोण कुठला तो दिग्दर्शक, त्याला कागजीपुरा कशाला माहीत असेल? पण चोरी असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्याला तेच सुचलं आणि त्यानं ते केलं, एवढंच होतं.

रविवारी सिस्टरनी पट्टा बांधला आणि नेहमीप्रमाणे विचारलं. मी म्हटलं, "तो कागदवाल्याचा ना? अगदी सुमार आहे. संथ, रडका, काही दम नाही." सिस्टरनी हवा सोडली. पुन्हा भरली. मग पट्टा काढून माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, पाणी द्या बरं सरांना." त्या दिवशी त्या पुढच्या घरी गेल्याच नाहीत. अर्धा तास माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या, पुन्हा मोजलं, मग उठल्या. बायको त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तिथं दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या.

सोमवारी कागदवाल्याला सर्वोत्तम चित्रपटाचं बक्षीस मिळालं. सिस्टरच्या चिठ्ठीवर चित्रपट म्हणून भलतंच नाव होतं. बाकीचे तीन बरोबर, पण एका तरुण प्राध्यापकाचे चार आले आणि शाल त्याला गेली. माझा आनंद माझ्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "काय सिस्टर, यंदा कसं काय?" मी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं. "व्हय, चुकलं यंदा. व्हतं असं," त्या म्हणाल्या, आणि दुसरी इमरती घेतली.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी त्यांना कायमची नागपूरला घेऊन गेली. निघताना त्यांनी माझ्या हातात वही दिली, शाळेच्या मुलांची असते तशी खाकी कव्हर घातलेली. "डॉक्टरला दाखवायला लागंल. आन् जास्त बोलू नका," एवढंच म्हणाल्या. मीही "बरं" म्हणालो. इतक्या वर्षांत एकदा तरी मोकळेपणानं अभिनंदन करायला हवं होतं, ते रिक्षा वळल्यावर सुचलं.

वही मी न उघडताच डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली आणि एका इंग्रजी नावावर बोट ठेवून विचारलं, "सर, ही कोणती गोळी? ही घेतली की तुमचं बीपी वाढलेलं दिसतंय."

गोळी नव्हती, चित्रपट होता. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, आणि फेब्रुवारी-मार्चच्या पानांवर पुढे निळ्या पेनानं चित्रपटांची, नटनट्यांची नावं, मी उच्चारली तशी. ज्या नावाला आकडा सगळ्यात वर, त्याच्यापुढे बरोबरची खूण. घरी येऊन फोन लावला. सिस्टर आधी पोटभर हसल्या. "मग काय करणार? मला कुठं सिनेमा कळतो? तुमाला कळतो. तुम्ही छान छान म्हणता तो पडतो. ज्याच्यावर तुम्ही जळता ना सर, तो जिंकतो."

मी म्हणालो, "म्हणजे इतकी वर्षं माझ्याच जिवावर शाली नेल्या तुम्ही."

"व्हय. पर जळायचं काम तुम्ही फुकटात करत व्हता."

फोन ठेवून मी सबंध वही वाचून काढली. पहिल्या शालीनंतरच्या रविवारी आकडा एकशे सत्तर होता, आणि निळ्या पेनानं पुढे लिहिलं होतं, 'मी'. त्याच्याही वर गेलेला आकडा सगळ्या वहीत एकच होता, एकशे शहात्तर, कागदवाल्याच्या रविवारचा. चित्रपटाचं नाव, बरोबरची खूण, आणि त्याच्यापुढे दोन शब्द: 'लिहायचं नाय.'

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना फाटकापाशी, तुमच्या पटकथेचं. त्या म्हणाल्या, मग ह्याच्यावर जिंकायचं नाय." हे मी त्यांना फोनवर कधी विचारलं नाही. विचारलं तर त्या कबूलही करणार नाहीत.

आता रविवारी बायको बीपी मोजते, इलेक्ट्रॉनिक मशीनवर. यंदा मी तिच्यासमोर सगळी नामांकनं वाचून बघितली. एकाही नावाला आकडा हलला नाही. चिठ्ठीत सुचेल ते लिहिलं आणि चारही चुकले. शाल एका विद्यार्थिनीला दिली आणि, आश्चर्य म्हणजे, मला काहीच वाटलं नाही.

गेल्या रविवारी पट्टा बांधलेला असतानाच सिस्टरचा फोन आला. बायकोनं स्पीकर चालू केला. गुडघा बरा आहे, मुलीच्या बिल्डिंगमध्ये पुन्हा मशीन घेऊन फिरते, असं सांगून त्या म्हणाल्या, "हितं एक साहेब हैत सर, बँकेतून रिटायर झालेले. सिनेमाचे लई शौकीन. पट्ट्यात बोलत राहतात."

"आणि तुम्ही बोलू देता?" मी विचारलं.

"देते. सवय झाली ना मला ऐकायची."

मशीन बीप करून थांबलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. फोन संपल्यावर बायकोनं वही ओढली, आकडा लिहिला आणि निळं पेन शोधून त्याच्यापुढे लिहिलं, 'बँकेतले साहेब'. ज्याच्यावर मी जळतो तो जिंकतो, या सिस्टरच्या हिशेबात आजवर क्वचितच चूक निघाली आहे. आपला अंदाज बरोबर यावा म्हणून मी जन्मभर तडफडलो, पण हा एक तेवढा चुकावा.