खाजणातला साग

सरकार आपल्या भल्यासाठी काहीतरी करतंय असं कुणी सांगितलं की माझे कान टवकारतात. पनवेल भागात ज्यांच्या जमिनी सरकारी प्रकल्पांत गेल्या, अशा घरात मी सून म्हणून आले. तिथे ही सवय लागायला फार वर्षं लागत नाहीत. म्हणून आमचे हे एकदा दुपारी वखारीतून जेवायला आले आणि सरकारी बांधकामात आता आपल्याच जिल्ह्यातल्या लाकडाला अग्रक्रम मिळणार, बाहेरचं लाकूड मागाहून, असं खुशीत सांगू लागले, तेव्हा आमटी वाढता वाढता मी एवढंच विचारलं, की यात गोम काय आहे.

गोम काही नाही, असं त्यांचं म्हणणं. तुला देवाच्या प्रसादातही खडा दिसतो, असंही म्हणाले. दिसतो, कारण असतो.

आमची लाकडाची वखार जुन्या पनवेलात. ह्यांनी तरुणपणी गाव सोडून सुरू केलेली. पुढे करवत, मागे शेड आणि शेडमध्ये दारं-चौकटी करणारे सुतार. गेली कितीतरी वर्षं आमच्याकडे साग म्हणजे बंदरावरचा साग. आफ्रिकेतून कंटेनरमध्ये येतो, सरळसोट, हवा तेवढा. गावाकडचा साग त्यापुढे वाकडा आणि गाठींचा, शिवाय तोडायचा तर परवानगीसाठी हेलपाटे. त्यामुळे त्याला कुणी विचारत नव्हतं. आता एका सरकारी दवाखान्याच्या चौकटी आणि दारं करायची होती आणि अटच होती स्थानिक लाकडाची. ह्यांनी लगेच गावी फोन लावला.

आमचं गाव कर्नाळ्याच्या पलीकडे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं ती चिखलाची जमीन. तिथे माझे थोरले दीर राहतात. भावजींनी गाव सोडलं नाही, उरलेली जमीन विकली नाही. सासऱ्यांनी बांधावर लावलेले साग त्यांनीच राखले. गावात दोघांचं बांधावरून भांडण लागलं, तर भावजी सांगतील ती हद्द, असा त्यांचा मान. ते फोनवर म्हणाले, दवाखान्यासाठी असेल तर देतो. मग रीतसर परवानगी निघाली, वनखात्याच्या माणसाने येऊन झाडांवर हातोड्याने शिक्के उठवले आणि झाडं पडली.

पण लाकूड काही येईना. हे फोन करायचे, भावजी म्हणायचे, येईल, घाई करू नको. पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्याच सुमारास जाऊबाईंच्या दारात नवी कोरी गाडी उभी असल्याचं मला कळलं. मी ह्यांना म्हटलं, तुमच्या बांधावरचा साग दुसऱ्याच कुणाच्या तरी बंगल्यात लागला असणार. हे इतके भडकले की ताटावरून उठायचेच बाकी राहिले. दादाबद्दल या घरात एक शब्द ऐकणार नाही, म्हणाले. मी संशय घेते तो दूधवाल्यावरही घेते, गॅसवाल्यावरही घेते. घेते आणि तोंडावर विचारून मोकळी होते. (गाडी पुतण्याने कर्जावर घेतली होती, हेही मी जाऊबाईंना विचारूनच काढलं.)

शेवटी ओंडके आले. ट्रकमधून उतरवताना मी वखारीत होते. ओंडक्यांना खाडीचा वास येत होता. सालीच्या खाचांत बारीक शिंपले अडकलेले, अंगावर पांढरट थर. दोन्ही टोकं नुकतीच कापलेली, त्यामुळे वनखात्याचा शिक्का कशावरच नव्हता. ह्यांनी त्या पांढऱ्या थरावर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. मीठ होतं. मग ते आत जाऊन बसले.

ह्या धंद्यात खारट साग दिसला की लाकूडवाल्यांच्या मनात एकच गोष्ट येते. डोंगरातून चोरून तोडलेला साग पहाऱ्यावरच्या माणसाला दिसू नये म्हणून खाडीच्या चिखलात दडवून ठेवतात. आरडाओरडा थांबला की बाहेर काढतात, शिक्का नव्हताच हे कळू नये म्हणून टोकं कापतात आणि खपवतात. आणि आमचं गाव तर अभयारण्याच्या डोंगराला लागून.

दोन दिवसांनी दवाखान्याच्या कामावरचा इंजिनीअर लाकूड पाहायला आला. खारघरच्या टॉवरमध्ये राहणारा तरुण मुलगा, बोलायला गोड, पण चहा नको म्हणाला. चहा नको म्हणणाऱ्या साहेबाची मला जास्त धास्ती वाटते. त्याने शिंपले पाहिले आणि ह्यांना म्हणाला, "काका, हे बोटीतून आलंय. हे लोकल नाही."

मला हसू आलं. बंद पेटीतून येणाऱ्या लाकडाला शिंपले कुठून लागणार, एवढं त्याला सुचलं नाही. मी तसं म्हटलंही. त्यावर तो म्हणाला, मग तुम्हीच सांगा कुठून लागले. ते मलाही ठाऊक नव्हतं. साहेबाने ठरवलं की झाड तोडलेली जागा स्वतः पाहायची, आणि गावी आधी कळवायचं नाही. लाकूड बांधावरचं नाही असं निघालं तर काम आमच्या हातून जाणारच होतं. त्याचं मला एवढं नव्हतं. पण भावजींवर सरकारला खोटं लाकूड दिल्याची तक्रार होणार होती, आणि हद्द सांगणाऱ्या माणसाला गावाने चोर म्हटलं तर तो माणूस जगायचा कसा?

घरी आल्यावर मी म्हटलं, "भावजींना फोन करून सरळ विचारा ना."

"विचारलं आणि तो खोटं बोलला तर?" हे म्हणाले.

मला धक्काच बसला. मी दिराबद्दल बोलले तर घर डोक्यावर घेणारा माणूस, आणि मनात हे धरून बसलेला. मीच फोन करते म्हटलं, तर साहेबाला शब्द दिलाय म्हणाले. त्या दिवशी मला नवऱ्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. उद्या माझ्याबद्दल काही वाटलं तर हे मला विचारतील, की असेच गप्प राहतील?

दुसऱ्या दिवशी साहेब, हे आणि मी असे तिघं गावी निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या दोघांवर सोडून द्यायची माझी तयारी नव्हती. जाण्याआधी ह्यांनी सगळ्यात जाड ओंडक्याच्या बुंध्याकडची एक चकती कापून घेतली होती. तिला एका बाजूला खोल खाच होती. घराकडे न वळता आम्ही थेट बांधावर गेलो. तोडलेल्या झाडांची जमिनीलगतची खोडं तिथेच होती, आणि प्रत्येकावर हातोड्याचा शिक्का स्पष्ट होता. साहेबाने चकती एका खोडावर ठेवून पाहिली, जमली नाही. दुसऱ्यावर ठेवली. तिची खाच खोडाच्या खाचेवर बरोबर बसली, आतली वर्तुळंसुद्धा एकसारखी. साहेब उभा राहून हात झटकू लागला. त्याचं काम झालं होतं.

हे मात्र उठले नाहीत. गुडघे टेकून चकती उचलायचे, पुन्हा ठेवायचे, खाच बोटाने चाचपायचे. भावजी शेताच्या वाटेने येऊन माझ्या मागे उभे राहिले, तरी ह्यांना कळलं नाही.

साहेबानेच ओळख सांगितली आणि शिंपल्यांचं विचारलं. भावजींनी शांतपणे सांगितलं, की बाबा होडीचं आणि खाडीच्या उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेचं, लाकूड असंच मुरवायचे. काही महिने खाजणात गाडून ठेवायचं, मग धुऊन सावलीत सुकवायचं. त्याला कीड शिवत नाही. घरच्या दारांना कुणी एवढं करत नाही. "दवाखान्याचा काम हाय, म्हंजे पिढ्या जायच्या त्या दारातनं. म्हनून क्येला," म्हणाले. टोकं चिखलाने फुगली होती, ती त्यांनीच कापली. आमच्या करवतीच्या पात्याला त्रास नको म्हणून.

साहेबाला पटलं. त्याने भावजींचा हात हातात घेतला आणि चहाही मागितला. भावजी त्याला घेऊन घराकडे निघाले. जाताना ह्यांच्याजवळ थांबले.

"सायबाला मी कोन ता ठाव नाय. त्यानं बघितला, बरा झाला," ते म्हणाले. "पन तू गुडगं टेकून काय बघत व्हतास?"

उत्तरासाठी भावजी थांबले नाहीत. जाऊबाईंनी सगळ्यांना चहा दिला, निघताना मला सुकट बांधून दिली. परतीच्या वाटेवर साहेबच एकटा बोलत होता, असं लाकूड सगळीकडे मिळालं तर काय बहार होईल म्हणून.

दवाखान्याची दारं लागली. मी पाहून आले, फार देखणी आहेत. यंदा एका अंगणवाडीचं काम आलं, तीच अट, स्थानिक लाकडाला अग्रक्रम. बांधावर अजून साग उभे आहेत. ह्यांनी बरेच दिवस फोन हातात घेऊन पुन्हा ठेवला, शेवटी माझ्यासमोर लावला. भावजींनी आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मुलांची, माझीसुद्धा. मग लाकडाचं निघालं.

"तू बंदरावरचा घे," ते म्हणाले. "ता कुनी लावला, कुनी राखला, तुला ठाव नाय. त्याच्यावर तुजा इश्वास बसल."

हे बरं म्हणाले आणि फोन ठेवला. अंगणवाडीचं काम आम्ही सोडून दिलं.