पेन्सिलीच्या फुलीवरची सही

बारा वर्षं मी एका कंपनीची डायरेक्टर होते आणि तिची एकही मीटिंग मी पाहिली नव्हती. कंपनी म्हणजे आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या रस्त्यावरची आमची राइस मिल. मीटिंग नवरा आणि दीर मिलच्या ऑफिसात उरकायचे. मी फुलचूरच्या घरून डबा पाठवायची. संध्याकाळी कागद स्वयंपाकाच्या ओट्यावर यायचे. जिथे सही हवी तिथे नवऱ्याने पेन्सिलीने फुली मारलेली असायची. हळदीचा हात पदराला पुसून मी फुलीवर सही करायची. वाचायचं कशाला? घरचाच माणूस, घरचीच मिल. माहेरी मात्र डायरेक्टर असल्याचा तोरा मिरवायची.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर मिलला लागून शेत असलेली एक बाई थेट घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"तुमच्या मिलचं पानी माह्या वावरात, धानाच्या बांधीत येऊन राहिलं. धान जळून राहिलं. काऊन सोडता?"

उकड्या तांदळासाठी धान भिजवून उरलेलं ते काळं, आंबूस पाणी. मी कानांवर हात ठेवले: मिलचं मला काही ठाऊक नाही, माणसांना विचार.

"ग्रामसभेत कागद वाचला. पानी टाकीत साफ करून सोडतो म्हने. खाली तुमचंच नाव होतं."

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर तिचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी मिलवर गेले. टाकी होती, पण कोंड्याच्या राखेने काठोकाठ भरलेली. पाणी बाजूने सरळ तिच्या शेताकडे चाललं होतं.

महिन्याभरात त्याच मजकुराचा नवा कागद ओट्यावर आला, फुलीसकट. मी वाचला आणि परत सरकवला.

"तू कायले टेन्शन घेऊन राहिली? सही कर न," नवरा म्हणाला.

"आधी टाकी साफ करा. आणि मीटिंगला मी येणार."

चार दिवस घरात अबोला होता. पाचव्या दिवशी राख उपसायला ट्रॅक्टर लागला. मीटिंगला गेले तेव्हा दिराने रुमालाने माझी खुर्ची पुसून दिली. टोमणा कळला, तरी बसले.

कापणीच्या वेळी तिच्या शेतावर गेले, टाकी साफ झाल्याचं सांगायला. शाबासकीची आशा होती, खोटं कशाला बोलू?

"बरं केलं," विळा हातातच ठेवून ती म्हणाली, "पन या बांधीत कापाले काईच नाही."

मिलकडच्या बांधीत नुसते काळपट खुंट उभे होते. ग्रामसभेत वाचलेला तो पहिला कागद मला आठवला. सही करताना एकच घाई होती, कढईतली वांगी करपू नयेत.