विमानाने आलेलं कापड

चाळीस वर्षं मी सुरतेत लूम चालवले आणि त्याहून जास्त वर्षं थापा मारल्या. दोन्ही कामांत डिंडोलीपासून पर्वत पाटियापर्यंत माझा हात धरणारा कोणी नव्हता. आमचं खातं, म्हणजे लूमचा कारखाना, सुरतेत त्याला खातंच म्हणतात, एवढा आवाज करायचं की पत्र्यावर बसलेलं कबुतर उडून कोसाडला पोचलं तरी त्याची मान तालात हलत असायची. हे मी स्वतः पाहिलंय. कोसाडला जाऊन पाहिलंय.

अशा आवाजात तोंड वाजवून उपयोग नसतो. ओठ बघायचे, हात बघायचे. माझ्या समोरच्या लूमवर माझा मेव्हणा होता, बायकोचा थोरला भाऊ. तीस वर्षं आम्ही दोघं हातांनी बोललो. ताणा तुटला, धोट्यातली सुताची कांडी संपली, शेठ आला, चहा आला. एवढीच भाषा, पण पुरायची. त्यात थाप मारता यायची नाही, कारण थापेला लागणारे शब्दच तिच्यात नव्हते. त्याचे कान पूर्ण गेले, माझे अर्धे राहिले. पुढे त्याचा जावई, मशीनचा मिस्त्री, दूर दक्षिणेत डोंगरावरच्या एका लहानशा गावात कॉफीच्या मळ्यावर कामाला लागला. मेव्हण्याची बायको गेल्यावर लेकीने बापालाही तिकडेच नेलं.

मागच्या डिसेंबरात माझी बायको गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी दवाखाना, सहाव्या दिवशी सकाळी संपलं सगळं. एवढ्या साध्या गोष्टीत मला काही वाढवून सांगता येत नाही, म्हणून जशी आहे तशी सांगतो.

तिला अंगणात निजवलं आणि गल्लीतल्या बायकांनी विचारलं, "माहेरचं कापड आलं का?" आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची लागते. भावाने द्यायची. तो भावाचा मान, आणि तिचाही.

भाऊ तर दीड हजार किलोमीटरवर, आणि त्याला कोणी कळवलंच नव्हतं. त्याच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, फोनवर माझ्याकडून वचन घेतलं होतं. "फुवा, बाबांच्या छातीत दोनदा कळ येऊन गेली आहे. डॉक्टर म्हणतात, धक्का नको. आत्ता नका सांगू. मीच सांगेन, वेळ बघून." आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला फुवा म्हणतात. मी बरं म्हणालो. त्या दिवशी मला कोणी काहीही विचारलं असतं तरी मी बरंच म्हणालो असतो.

मग मी चपला घातल्या, चौकातल्या साडीच्या दुकानात गेलो, हिरवी मागितली, हाताला आलेली पहिली साडी उचलली आणि परत येऊन बायकांना सांगितलं, "आलं कापड. भावाने पाठवलंय."

समोरची म्हातारी म्हणाली, "इतक्या लवकर?"

"सकाळच्या विमानाने."

"आणि आणून कोणी दिलं?"

"पायलट ओळखीचा आहे."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने साडी घेतली आणि घडी मोडली. रडू मला तेव्हाही आलं नाही. बायकांनी बराच वेळ वाट पाहिली, मग त्या आपल्या कामाला लागल्या.

तिकडे मेव्हण्याची कटकट सुरू झाली. दर रविवारी बहीण-भाऊ मोबाइलवर एकमेकांचं तोंड बघायचे. त्याला ऐकू येत नाही, पण तिचे ओठ त्याला पाठ होते. आता रविवारमागून रविवार फोन बिघडलेला. सहा आठवड्यांनी भाचीचा मला फोन आला. "फुवा, तुम्ही या. तुमचं तोंड दिसलं की त्यांना वाटेल सगळं ठीक आहे. आणि तुमच्यासारखं रचून सांगणं कोणाला जमतं?"

जन्मात पहिल्यांदा मला कोणी थापा मारायला बोलावून नेत होतं. मी गेलो.

दोन रेल्वेगाड्या बदलल्या. मग बस घाट चढायला लागली, आणि त्या घाटाला इतकी वळणं होती की एका वळणावर मला खिडकीतून माझीच बस पुढे जाताना दिसली. एरवी हे वाक्य मी शेजारच्या माणसाला ऐकवलं असतं, त्याला हसवून त्याच्या डब्यातलं अर्धं खाल्लं असतं. त्या दिवशी ते मनात तयार झालं आणि तिथेच पडून राहिलं. लूम चालू आहे, धोटा इकडून तिकडे पळतोय, पण आत कांडीच नाही, तसं माझं चाललं होतं.

गाव म्हणजे एक चढाचा रस्ता. दोन्ही बाजूंना उतरत्या कौलांची दुकानं, एक बसथांबा, एक चर्च, एक देऊळ, आणि सगळीकडे ओल्या कॉफीचा आंबूस वास. ताडीच्या भांड्यात कोणी गूळ विसरलाय असा. जानेवारीचे दिवस, तोडणीचा हंगाम. मळ्यातल्या झाडांवर बोरांसारखी लाल फळं, आणि उंच झाडांना बिलगून चढलेले मिरीचे वेल. जावयाच्या क्वार्टरसमोर भलंमोठं सिमेंटचं खळं होतं. त्यावर कॉफी वाळत पडलेली. मेव्हणा खळ्याच्या कडेला कानटोपी घालून बसला होता आणि लांब दांड्याच्या फावड्याने बिया उलट्या-सुलट्या करत होता.

मला बघून तो उठला. माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं, मग माझ्या मागे बघितलं. रस्ता रिकामा होता.

"तिले काबर नही लई उना?" तिला का नाही आणलं? बहिरा माणूस, आवाजाला माप नाही. पलीकडच्या डोंगरावरची तोडणीवाली बाईसुद्धा वळून बघायला लागली.

भाची दारात उभी होती. मी सुरू केलं. "गुडघे रे तिचे. आणि जाड किती झाली आहे! तिकीट काढायला गेलो तर खिडकीवरचा म्हणाला, काका, या बाईंचं मालगाडीने बुकिंग होतं."

तो हसला. त्याचे खांदे हलले. भाचीने माझ्याकडे बघून डोळे मिटले, म्हणजे शाबास.

तीन दिवस मी बायकोला जिवंत ठेवलं. तिच्याकडून एवढी कामं करून घेतली की खरी असताना तिने मला झाडूने हाणलं असतं. तिने सोनसाखळी चोराला लाटण्याने धरलं, पोलिसांनी ते लाटणं पुराव्याला जमा केलं, तेव्हापासून आमच्या घरी चपात्या बाटलीने लाटतात. तापीला पाणी वाढलं तेव्हा तिने गच्चीवर गल्लीतल्या चाळीस माणसांचं जेवण केलं आणि भरीत कमी पडलं म्हणून मलाच टोमणा मारला. मेव्हणा माझे ओठ बघत बसायचा. मला स्वतःला काही होत नव्हतं. सकाळी तिथे एवढी थंडी असायची की पायांची बोटं दुसऱ्या कोणाची तरी असावीत असं वाटायचं. सगळंच अंग तसं होतं, आणि मला त्यात बरं वाटत होतं. फिल्टरची कॉफी स्टीलच्या पेल्यात यायची, भाची विचारायची, कशी झाली? मी सांगायचो, सुरतेला नेली तर चहावाले उपाशी मरतील. चव मला कळलेली नव्हती.

चौथ्या दिवशी बाजार होता. मेव्हण्याने धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाला, चल. भाची काम टाकून बाहेर आली. "कुठे निघालात, बाबा?"

"तुन्ही आत्याले साडी लेवानी शे. पाव्हनाना हाते धाडस." तुझ्या आत्याला साडी घ्यायची आहे, पाव्हण्याच्या हाताने पाठवतो.

भाचीचा चेहरा उतरला. तिने मला बाजूला ओढलं. "फुवा, घेऊ द्या त्यांना. सुरतेला घेऊन जा आणि ठेवून द्या. हसत या, बस."

मी बरं म्हणालो.

दुकान एका मारवाड्याचं होतं. गादीवर बसायचं, समोर तो साड्या फेकतो. सुरतेचे म्हटल्यावर त्याने गुजरातीत "आवो, आवो" केलं, आणि मग हिंदीत सांगितलं की दुकानातला सगळा माल तुमच्याकडचाच. ते सांगायची गरज नव्हती. मेव्हण्याने पहिली साडी दोन बोटांत धरली, उजेडाकडे केली आणि तोंड वाकडं केलं. "पोत बघ! शेठ मरतो, पण बाण्याचं सूत वाचवतो!" मारवाडी हसला. मेव्हण्याने दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तिले कोनता रंग देऊ?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक, त्यात एक हत्ती पण होता. पण तो माझ्या ओठांकडे बघत होता, साडी मांडीवर घेऊन. भावाने बहिणीला साडी घेतलेली. ती मी सुरतेला न्यायची आणि कपाटात कोंडून ठेवायची.

ओठ मिटले गेले. हात गादीवरून वर आले. ताणा तुटला की आम्ही दोन बोटं एकमेकांपासून झटकन लांब करायचो, तसं केलं. मग लूम बंद, तशी हाताची मूठ. मग कानाच्या पाळीला बोट, तिच्या बाळ्यांची खूण, कारण खात्यात आम्ही तिला असंच म्हणायचो, ती डबा घेऊन दारात आली की.

त्याने माझे हात पाहिले. तो इतका वेळ पाहत राहिला की मारवाडी उठून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

"कधी?" या वेळी त्याचा आवाज अगदी बारीक होता.

मी बोटं दाखवली. सहा, सात आठवडे. त्याने छातीवर हात ठेवला आणि मला वाटलं, गेलं, हाही गेला माझ्या हातून. पण त्याने नुसतं खिशातलं चष्म्याचं घर चाचपलं. चष्मा काढला नाही.

"कापड?"

"तुझंच दिलं."

"मी कुठं दिलं?"

"मी सांगितलं, तू विमानाने पाठवलंस."

तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मना नावानं दिलं, मग माले माहीत पाहिजे मी काय दिलं. कोनता रंग व्हता?"

"हिरवी होती. सवाष्ण गेली ना."

"कोनतं हिरवं?"

आता हे फक्त विणकरच विचारेल. बाकी जगाला एक हिरवा पुरतो. आम्हाला पोपटी, मेंदी, शेवाळी, बाटली, कैरी, राव्याच्या पंखाचा वेगळा आणि पाठीचा वेगळा. चाळीस वर्षं मी कापड बोटांनी ओळखलं आणि त्या सकाळी दुकानातून काय उचललं ते मला दिसलंसुद्धा नव्हतं.

त्याने मारवाड्याला हाक मारली. हिरव्या काढ. सगळ्या. मारवाड्याने वरच्या फळीपासून सुरुवात केली. गादीवर हिरव्याचा ढीग झाला.

"हाई?"

"माहीत नाही."

"हाई? काठ व्हता का?"

"माहीत नाही, भाऊ."

मला कोणतीही एक दाखवता आली असती. अशी एक साडी रचली असती की अख्खं सुरत ती बघायला जमलं असतं. काठ सांगितला असता, पदर सांगितला असता, विणणाऱ्याची जात-गोत सांगितलं असतं. मी प्रत्येक साडीकडे बघत होतो आणि खरं तेच सांगत होतो, आणि खरं एवढंच होतं, माहीत नाही. तो मात्र विचारत राहिला. चिडला नाही. ताण्यात तुटलेला एक धागा शोधायला बसावं तसा एकेक बाजूला सारत गेला. शेवटी गादीवर एकच उरली, गडद, मेंदीच्या ओल्या पानासारखी, बारीक काठाची. ती त्याने बराच वेळ बोटांत धरली.

"हाईच व्हतं," तो म्हणाला.

असेलही.

मारवाड्याने विचारलं, "फॉल-पिको कर दूँ, चाचा? आधा घंटा लगेगा." मेव्हण्याने त्याचे ओठ वाचले आणि मान हलवली. नको. मारवाड्याने आमच्या दोघांकडे बघितलं आणि साडी कागदात बांधली.

चढ चढताना तो तीनदा थांबला. मी पिशवी मागितली, त्याने दिली नाही. खळ्यावर दुसरंच कोणी कॉफी ओढत होतं. भाची पायऱ्यांवर उभी होती, आणि लांबूनच मला खुणेने विचारत होती, सगळं ठीक? मी हसलो नाही. तिचा हात तिथेच राहिला.

मेव्हणा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. पिशवी तिच्या हातात दिली.

"तुन्ही आत्यानं कापड," तो म्हणाला. "मी देयेल शे." मी दिलेलं आहे.