भोंगामामाचं बाळंतपण

वस्तीतल्या माणसांना आजारी पडायला मनाई नव्हती, फक्त जीपच्या वेळेत पडावं लागायचं. डोंगरावर जीप एकच आणि ती चालवणाराही एकच. त्याला सगळे भोंगामामा म्हणत, कारण त्याच्यापेक्षा त्याच्या जीपचा भोंगा जास्त बोलायचा. खालच्या गावातून परतताना तो शेवटच्या वळणावर थांबायचा आणि तिथूनच वर निरोप पाठवायचा. एक लांब भोंगा म्हणजे औषधं आलीत, उतरवायला या. दोन आखूड आणि एक लांब म्हणजे दवाखान्यात नेलेलं माणूस सुखरूप आहे, रडारड थांबवा. वाईट बातमी मात्र त्याने कधी भोंग्यावर दिली नाही. ती तो घरी जाऊन, खाली बसून सांगायचा.

मग एकाएकी आरोग्य खात्याला दुर्गम भागातल्या मूळ रहिवाशांसाठी पान्हा फुटला. डॉक्टर मागून मागून वस्तीच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. संगणक मात्र कुणी न मागताच आला. वस्तीतल्या दवाखान्याच्या गळक्या छपरावर मोठी तबकडी बसली आणि तिच्यामागोमाग योजनेचे साहेब आले. यापुढे तुमचं दुखणं जगात कुठूनही बघता येईल, असं त्यांनी भाषणात सांगितलं. "बघून पुढे काय करणार?" असं भोंगामामाच्या शेजारच्या आत्याने विचारलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

घोडं अडलं ते फोनपाशी. नोंदणी करायची तर प्रत्येकाचा मोबाइल नंबर हवा, त्यावर कोड येणार, तो संगणकात घातला की माणूस खरा. वस्तीत फोनला रेंज नव्हती. छपरावरची तबकडी बोलायची, पण फक्त खात्याच्या संगणकाशी. गरिबांशी बोलायची तिला सवय नव्हती. रेंज मिळायची शेवटच्या वळणावर, आणि रोज तिथे जाणारा फोन एकच, भोंगामामाचा. मग नंबर विचारल्यावर प्रत्येकाने बिनदिक्कत त्याचाच सांगितला. त्यांचं काय चुकलं? जन्मभर सगळ्यांचे निरोप त्याच्याकडेच येत होते.

नोंदणीच्या दिवशी भोंगामामा वळणावर उभा राहिला. कोड आला की तो भोंग्यावर वाजवायचा. पाचाला पाच भोंगे, शून्याला एक लांबलचक. वर दवाखान्याच्या खिडकीत सिस्टर पेन घेऊन मोजत बसलेली. एका म्हाताऱ्याच्या कोडात नुसते नऊच नऊ आले, तेव्हा जीपची बॅटरी उतरली आणि वस्तीला खाली येऊन धक्का मारावा लागला. अशी शंभर टक्के नोंदणी झाली. साहेबांचा फोटो छापून आला. त्यात कोपऱ्यात जीपचं अर्धं चाक दिसतं.

संगणकाला मात्र एवढंच शिकवलेलं होतं, की एक नंबर म्हणजे एक माणूस. त्याने सगळी वस्ती भोंगामामाच्या अंगात कोंबली. आत्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू, मामाच्या चुलतभावाच्या फिट्स, गुराख्याचा मोडलेला पाय आणि भोंगामामाच्या स्वतःच्या लेकीचा सहावा महिना, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर जमा झालं.

सुरुवातीला त्याला गंमत वाटली. "ताई, लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्या," असे मेसेज येऊ लागले. घरी बायकोच्या चेष्टेला तर ऊतच आला. "अहो ताई, जेवायला येताय ना? दोन जिवांच्या आहात, उपाशी राहू नका!"

गंमत संपली ती परवान्याच्या कचेरीत. नूतनीकरणाला गेला तर कारकुनाने पडद्यावर आरोग्य खात्याची नोंद बघून हळहळत मान हलवली. "नाही देता येणार हो. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही तुम्हाला."

"अहो, मी आत्ता जीप चालवत आलोय!"

"ते मी ऐकलं नाही असं समजतो. उगाच गुन्हा व्हायचा. हे घ्या पत्र, कारण दिलंय, वाचून घ्या."

भोंगामामाने पत्र घेतलं आणि आपण आंधळे आहोत हे सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात घडाघडा वाचून दाखवलं.

"वाचलंत ना?" कारकून म्हणाला. "मग इथे सही करा."

तिथून तो तडक योजनेच्या साहेबांकडे गेला. साहेबांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. "हा नंबर फक्त माझा, असं लिहून द्या. बाकीच्यांच्या नोंदी पुसून टाकू."

"आणि त्यांच्या गोळ्या?"

"नोंद नाही तर गोळ्या कशा निघतील? नवीन नंबर द्यायचा, परत नोंदणी करायची."

"कुठल्या फोनवर?"

साहेबांनी घड्याळात बघितलं. आत्याच्या ऑपरेशनची तारीख लागली होती, चुलतभावाची एक गोळी चुकली तरी तो जमिनीवर पडायचा. "राहू द्या साहेब," भोंगामामा म्हणाला. "मीच आंधळा. मीच गरोदर."

जीपवर ताडपत्री पडली. लेकीचे दिवस भरत आले. खाली जायला दुसरं वाहन नव्हतं. रेंजसाठी तो पायी वळणावर गेला तर मेसेज आला होता: ताई, तुमची तारीख जवळ आली आहे, वाहन तयार ठेवा, आपल्या भागातील वाहनासाठी संपर्क करा. खाली त्याचाच नंबर होता. त्याने लावून पाहिला. नंबर व्यस्त होता.

एका सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. सिस्टरने पोट तपासलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाळ आडवं आहे मामा. माझ्याच्याने इथे नाही व्हायचं. खाली न्या, लगेच." नियमाप्रमाणे तिने संगणकात नोंदही करून टाकली. भोंगामामाने ताडपत्री ओढून फेकून दिली.

डोंगराच्या पायथ्याशी नाका. तिथल्या शिपायाने गाडीचा नंबर आपल्या यंत्रात घातला आणि मान खाली घालून वाचायला लागला. "चालक दोन्ही डोळ्यांनी आंधळा. फिट येते. पाय मोडलेला..." मागच्या सीटवर लेक किंचाळली. तिला धरून बसलेली बायको ओरडली, "अरे, इकडे बघ की!" शिपाई वाचतच राहिला. "...आणि प्रसूतीच्या कळा सुरू." आता मात्र तो ताडकन उठला. कळा सुरू असलेल्या रुग्णाची गाडी अडवायची नाही, असा स्पष्ट नियम होता. फाटक उघडायला धावत तो भोंगामामाला म्हणाला, "आधी नाही का सांगायचं, ताई!"

दुपारी मुलगी झाली. पोट उघडावं लागलं, पण वेळेत. भोंगामामाच्या फोनवर मेसेज आला: अभिनंदन, आपण आई झालात, आता विश्रांती घ्या. तो त्याने लेकीला वाचून दाखवला, आणि मग भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला. सकाळपासून तो जिवाच्या आकांताने घाबरलेला होता.

वर सगळे वाट बघत असतील म्हणून बायकोला लेकीपाशी ठेवून तो निघाला. शेवटच्या वळणावर थांबला आणि भोंग्यावर हात ठेवला. दोन आखूड, एक लांब.

वर सिस्टरने सवयीने पेन उचललं. "दोन... शून्य..." ती पुढच्या आकड्यासाठी थांबली.

खिडकीबाहेर आत्या भिंत चाचपत उभी राहिली. "लिहू नकोस गं," ती म्हणाली. "पोरगी मोकळी झाली."

तेवढ्यात खालून पुन्हा भोंगा वाजला. दोन आखूड, एक लांब.

"बाळही सुखरूप," आत्या म्हणाली.